व्हिडिओ गेमच्या पडद्यावरचा ग्रंथ

सोमवार, ११ मे १९९८, बेलापूर

खताच्या दुकानाने जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी. आजवर हिच्यात कुणाचा टीव्ही दुरुस्तीला आला आणि त्यात काय गेलं होतं एवढंच लिहीत आलो. आज बिघाड घरातच आहे, म्हणून नवीन पान घेतलं.

आज बुद्धपौर्णिमा. विहारात वंदना झाली आणि मनकर्णा नेहमीसारखी ग्रंथ घेऊन बसली. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यातली एकोणीस वर्षं विहारातलं वाचन हिच्याकडे आहे. आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागला की तीन महिने रोज संध्याकाळी सगळी वस्ती हिच्या आवाजात ग्रंथ ऐकते. ही सातवी पास, मी नववी नापास. दोघांत जास्त शिकलेलं कोण, यावर आमच्या घरात वाद अजून मिटलेला नाही.

आज तिने एक ओळ दोनदा वाचली. मग पुन्हा तीच. पुस्तक नाकाजवळ नेलं, तिरकं धरलं, मान वाकडी केली आणि गप्प झाली. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. विहार कमिटीचे आसारामदादा चांगला माणूस, त्यांना ते बघवेना. म्हणाले, "वहिनी, ऱ्हाऊ द्या. यंदाचा वर्षावास प्रवीणकडं देऊ. पोरगं डीएड झालंय."

हिने पुस्तक मिटलं. "आषाढी पुनवंला मीच बसंन दादा. न्हाई जमलं तर समद्यांदेखत पुस्तक खाली ठिवीन. मंग कुनालाबी द्या."

घरी आल्यावर मी कॅलेंडर काढलं. आषाढी पौर्णिमा ९ जुलैला आहे.

गुरुवार, १४ मे

नगरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डोळ्यांत थेंब घालून दोन तास बसवलं, रक्त घेतलं. हिला साखर आहे आणि ती बरीच वर्षं असणार. साखरेने डोळ्याच्या आतला पडदा मधोमध खराब केलाय. चष्म्याने काही होणार नाही. लेसर मारून उरलंय तेवढं टिकवता येईल, गेलं ते येणार नाही. मोठं आणि ठळक असेल ते दिसेल, पुस्तकातलं बारीक अक्षर विसरा म्हणाल्या.

बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली. तिच्याबद्दल आज लिहीत नाही.

एसटीत मनकर्णा खिडकीशी बसली होती. राहुरी गेल्यावर म्हणाली, "च्यात साखर न्हाई म्हंजे काय प्यायचं वो मानसानं?" मी म्हणालो, मीही सोडतो. "तुमी कशाला? दोघांनी तोंड वाकडं करून बसायचं व्हय?" असं म्हणून हसली.

मंगळवार, १९ मे

हिला एक नवीनच खोड लागली आहे. चहा ओतताना कपात बोट धरते. मी म्हणालो, भाजेल ना. म्हणाली, "च्या किती गरम हाय ते बघते." आता ओततानाच का बघायचं, हे तिचं तीच जाणे.

शनिवार, २३ मे

आज जे झालं ते नीट लिहितो.

माझ्या ओळखीच्या मच्छिंद्रचं श्रीरामपूर स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पोरं रुपयाची नाणी घेऊन रांगेत उभी राहायची. घरोघरी केबल आली आणि ते बसलं. त्याने एका गेमचा मॉनिटर आणि आतली सर्किटची पाटी माझ्याकडे आणून टाकली. म्हणाला, "भीमराज, चालू झाला तर बघ, न्हाईतर तूच ठेव. गोदामात जागा अडवून बसलाय." वीस इंची पिक्चर ट्यूबची नळी, मागे उघडं चासी म्हणजे सगळे भाग बसवलेला लोखंडी सांगाडा, डबा नाहीच. एक कपॅसिटर बदलला आणि दुपारी चालू झाला. काळ्या पडद्यावर विमानं, आणि वर पांढऱ्या आकड्यांत गुण.

मनकर्णा डबा घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "साडेसात हजाराला काय इकताय?"

मी म्हणालो, काय?

"त्यावर लिव्हलंय की. सात, पाच, शून्य, शून्य."

हातातलं कावीळ झाल्यासारखं पिवळं पडलेलं मीटर मी खाली ठेवलं. दारापासून टेबल आठ फूट आहे. घरचा एकवीस इंची टीव्ही ती दोन फुटांवरून बघते आणि तरी बातम्यांतलं अक्षर तिला लागत नाही. मी पाटी बंद करून पुन्हा चालू केली. आकडा बदलला. तिने तोही वाचला. पुन्हा केलं, पुन्हा वाचला. चौथ्यांदा म्हणाली, "आता जेवताय का माझी परीक्षा घेताय?"

कारण मला माहीत आहे. टीव्हीत सगळे रंग एकाच तारेतून कालवून येतात, कडा पसरतात. या मॉनिटरला लाल, हिरवा, निळा अशा तीन वेगळ्या तारा. काळ्यावर पांढरं असं कापून काढल्यासारखं दिसतं. यावर विमानांऐवजी ग्रंथ आणता आला तर?

पण ग्रंथ पाठवणार कोण? ते काम कम्प्युटरचं. आणि कम्प्युटरमधलं मला ढिम्म काही कळत नाही.

रविवार, २४ मे

माझी पुतणी वृषाली श्रीरामपूरला कम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. मॉनिटर घरी आणून ठेवला आणि तिला बोलावलं. मॉनिटरभोवती दोनदा फिरली आणि म्हणाली, "काका, हे कुणी केलेलं मी तरी ऐकलेलं नाही."

मी म्हणालो, म्हणजे कुणी जमत नाही असंही सांगितलेलं नाही.

तिच्या क्लासने सुरुवातीची तीन जुनी यंत्रं अडगळीत टाकली आहेत, त्यातलं एक ती आणणार. मराठी अक्षरं कम्प्युटरात नाहीत, तीही ती चौकटीच्या वहीत ठिपके भरून बनवणार. पडद्यावर चार ओळी, ओळीत आठ-नऊ अक्षरं. एक बटण दाबलं की पुढचं पान. "काकूंसाठी करते," म्हणाली, "तुमच्यासाठी नाही." बरोबरच आहे. लहानपणी तिचा रेडिओ मी उघडून तसाच ठेवला होता.

रविवार, ३१ मे

पहिला घास आणि त्यात खडा.

चूक माझी. वृषाली म्हणत होती, यंत्रात पडद्याला चित्र पाठवणारं जे जुनं कार्ड आहे तेच लावू. मी म्हणालो, चांगल्या कामाला जुनं कशाला, क्लासमधलं नवं रंगीत कार्ड आण. तिने सरांना विचारून आणलं. तारा जोडल्या, चालू केलं. पडद्यावर एकाच चित्राच्या तीन फाटक्या चिंध्या, आणि नळीच्या मागून अशी बारीक शिट्टी की गल्लीतली कुत्री उठली. मी चित्र जुळवायचे मागचे काटे पिळत राहिलो. दोन मिनिटांत फट् झालं आणि वास आला.

नवं कार्ड एक ओळ काढतं त्या वेळात दुप्पट ओळी काढतं. बिचारा मॉनिटर त्याच्यामागे धावून धावून मेला. वृषालीने हे पुस्तकात वाचून सांगितलं, पण वास आल्यानंतर. मोठा ट्रान्झिस्टर गेला आणि त्याच्याबरोबर गेमचा मूळचा ट्रान्सफॉर्मरही जळाला.

मनकर्णा बघत बसली होती. "वास कसला?" म्हणाली. मी म्हणालो, धूळ जळाली. "सत्तावीस वर्सं टीव्हीवाल्याच्या घरात हाय मी," म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली.

शुक्रवार, ५ जून

ही रोज दुपारी दोनला जाते ती चारला येते. साळूबाईकडे असते म्हणे. साळूबाई दोन घरं सोडून राहते, शेतावर रोजाने जाते, दुपारी मोकळी असते. आधी कधी ही इतकी जात नव्हती. काल विचारलं तर म्हणाली, "बसते जरा." माझ्यावर रागावली असणार. घरात जागा नाही, सगळीकडे तारा आहेत, आणि काम तर काहीच होत नाही. साळूबाईपाशी गाऱ्हाणं घालत असेल. घालू दे.

ट्रान्झिस्टर मिळाला. ट्रान्सफॉर्मर सोडला तर मॉनिटर आता बरा आहे.

बुधवार, १० जून

जुनं कार्ड लावलं, जे वृषाली पहिल्या दिवसापासून सांगत होती. ट्रान्सफॉर्मर नव्हता म्हणून एका गिऱ्हाइकाचा चांगला ट्रान्सफॉर्मर तासाभरासाठी उसना घेतला. शिट्टी नाही! चित्र आलं, पण थांबेना. जत्रेतल्या पाळण्यासारखं वरून खाली फिरत राहिलं. कार्ड ओळ सुरू करायची खूण वरच्या बाजूने देतं आणि मॉनिटरला ती खालून हवी. एक छोटी पाटी करून ती खूण उलटी केली. अर्ध्या तासात चित्र थांबलं. एक चौकोन, आत पांढरा रंग. वृषाली नाचली. मी नाचलो नाही, पण सायकलवरून जाऊन भजी आणली.

रविवार, १४ जून

आज सगळं लिहितो. लिहिलं नाही तर झोप यायची नाही.

उसना ट्रान्सफॉर्मर परत गेला होता. नवीन नगरहून आणायचा तर आठ दिवस. मला धीर नव्हता. दुकानात स्टॅबिलायझरचा एक पडून होता, तोच लावला. त्यात घरची लाईन आणि मॉनिटरचं चासी यांच्यात आडपडदा राहत नाही, थेट करंट उघड्या लोखंडात येतो. पंचवीस वर्षं मी पोरांना हे ओरडून सांगत आलो. तरी लावला. कम्प्युटरची तार जोडून बटण दाबलं आणि बंदुकीसारखा आवाज झाला. कार्ड काळं पडलं.

कार्डाचं काही नाही. त्याआधी क्षणभर मनकर्णा तिथे उभी होती. चासीवर हात ठेवून विचारत होती, "ह्ये लोखंड असं उघडंच ऱ्हानार व्हय?" दारात कुणी हाक मारली म्हणून ती वळली. हात काढला आणि मी बटण दाबलं. एवढंच अंतर.

ती मला पाणी घेऊन आली तेव्हा मी सगळ्या तारा उपटून काढत होतो.

आता नगरचं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, अंधुक दिसतं असं पहिल्यांदा कधी म्हणाल्या? मी म्हणालो, आत्ता या वर्षी. ते खोटं होतं. दोन वर्षांपूर्वीच ती म्हणाली होती, "टीव्ही अंधुक दिसतोय." आणि मी मागे जाऊन ब्राइटनेसचा काटा पिळला. महिन्याने पुन्हा म्हणाली, पुन्हा पिळला. मग कॉन्ट्रास्ट वाढवला. मग नळी जुनी झाली म्हणून नवीन नळी बसवली, आणि गिऱ्हाइकांना सांगत फिरलो की घरच्या टीव्हीलाही मी सोडत नाही. दोन वर्षं मी टीव्ही दुरुस्त केला. बाई म्हणाल्या होत्या, दोन वर्षं आधी आला असतात तर लेसरने पुष्कळ वाचवता आलं असतं. ही शेजारच्या खुर्चीवर होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मला वाचन, विहार, कमिटी कशाचंही तितकं नाही. तिचं जे मी घालवलं त्यातलं मूठभर तरी माझ्या हाताने परत द्यायचं आहे. ते तिला सांगायची माझी हिंमत नाही.

रविवार, २१ जून

ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुंडाळला. वृषालीने दुसऱ्या यंत्राचं कार्ड आणलं आणि माझ्याकडे अशा नजरेने दिलं की मी ते दोन्ही हातांनी घेतलं.

आतल्या बाजूला सातशे छत्तीस वेढे, मग कागद, मग बाहेर तीनशे बावन्न. हाताच्या चरक्यावर एक वेढा म्हणजे एक फेरी. तार सरळ बसतेय का ते बघायचं की मोजायचं, दोन्ही होत नाही. शंभरच्या पुढे माझं दोनदा चुकलं. मनकर्णा चुलीपाशी होती. पदराला हात पुसत आली आणि पाटावर बसली. "फिरवा तुमी. मोजते मी."

तिला तार दिसत नव्हती. चरक्याची कट्कट् ऐकून मोजत होती. एकशे एक, एकशे दोन. मध्ये शेजारचं पोरगं ताक देऊन गेलं, तिने बोटानेच त्याला तांब्या कुठे ठेवायचा ते दाखवलं आणि मोजणं चालू ठेवलं. सातशे छत्तीसला म्हणाली, "थांबा." मी एक वेढा जास्त घेतला तर म्हणाली, "एक उलटा सोडा." दुसऱ्या वेळेला मोजताना सुरात मोजू लागली, विहारात वाचते त्या सुरात. मी तार बघत राहिलो. बरं झालं तार बघायची होती.

मीटर लावून पाहिलं. एकशे दहा व्होल्ट हवे होते, दोनच कमी आले. पंचवीस वर्षांत माझा इतका बिनचूक कधी आला नाही.

रविवार, २८ जून

चित्र उभं राहिलं आणि राहिलंच. सकाळी दहापासून चार तास चालू ठेवलं. चासीला टेस्टर लावून लावून टेस्टरचंच टोक झिजलं असेल. रंग फार भडक येत होते, तिन्ही तारांत रेझिस्टर घालून ते खाली आणले. पांढरा जरा हिरवट आहे.

मग वृषालीने फ्लॉपी घातली. मनकर्णेला तीन फुटांवर बसवलं. पडद्यावर आलं, मोठ्ठं, पांढरं. ती बघत राहिली. मान वाकडी केली, सरळ केली.

"मन," ती म्हणाली. "मनाचा... घोका?" आणि थांबली. "हे काय लिव्हलंय गं? घोका कसला?"

वृषालीने कपाळावर हात मारला. ते 'धोका' होतं. तिच्या ठिपक्यांत 'ध' आणि 'घ' एकसारखे झाले होते. मग दोघी काकू-पुतणी एकेक अक्षर घेऊन बसल्या. 'भ' आणि 'म' वेगळे दिसत नव्हते. 'ख' हा 'रव' वाचला जात होता. ही म्हणायची, "शेंडी लांब कर. पोट गोल कर. आता बघ, आता दिसला." सगळी दुपार गेली. मला कुणी चहासुद्धा विचारला नाही, मीच केला, बिनसाखरेचा, तिघांना.

जाताना वृषाली हळूच म्हणाली, "काका, काकू रडत होत्या का?" मी म्हणालो, पडद्याकडे बघून डोळ्यांतून पाणी येतं.

शनिवार, ४ जुलै

वृषालीने पहिल्या दिवसाची एकशे बारा पानं टाइप करून आणली. बोटं दुखतात म्हणाली. आसारामदादा बघायला आले. चप्पल बाहेर काढून पडद्यासमोर उभे राहिले, एक पान स्वतः वाचलं, मग चष्मा काढून पुन्हा वाचलं. "च्यायला, मला बी बिनचष्म्याचं दिसतंय," म्हणाले आणि विहारासाठी आपल्या घरून वेगळी लाईन ओढून देतो म्हणाले.

ही आजही दोनला साळूबाईकडे गेली. आता तर रागवायला कारण नाही. मी काही विचारत नाही.

गुरुवार, ९ जुलै

आषाढी पौर्णिमा. मच्छिंद्रने टेम्पो दिला. पडदा गोधडीत गुंडाळून विहारात नेला आणि टेबलावर ठेवला. मी मागे बसलो, कारण उघड्या चासीजवळ पोरं येऊ नयेत आणि पानाचं बटणही माझ्याकडे होतं. म्हणजे एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच असं झालं, की मी वाचनाला हजर होतो आणि मला हिचं तोंड दिसत नव्हतं. फक्त आवाज.

त्रिशरण पंचशील झालं. पांढरं लुगडं नेसून ही पुढे बसली. विहार भरलेला. बायका, बाप्ये, दारात प्रवीणही उभा होता. मी बटण दाबलं.

ती लगेच बोलली नाही. मी मनात मोजलं. अकरापर्यंत आलो. मग वाचायला लागली.

पहिल्यासारखं झरझर नाही. एकेक शब्द पाऊल टाकावं तसा. पान संपलं की टेबलावर बोट आपटायची, मी बटण दाबायचो. तिसऱ्या-चौथ्या पानापासून सूर लागला. मी मागे त्या तारांच्या जंजाळात तोंड घालून बसलो होतो आणि मला सारखं नाक ओढावं लागत होतं. एकही अक्षर चुकलं नाही. एकही नाही.

साठाव्या पानाला बोट आपटलं, मी पान लावलं, आणि आवाज आला नाही. पांढरा गेला का? चित्र फिरलं का? वाकून बघणार तोच ही म्हणाली, "साळूबाई, फुडं ये. हितनं तू वाच."

साळूबाई! जिने पन्नाशीत साक्षरतेच्या वर्गात अक्षर ओळखलं, ती साळूबाई. ती पुढे आली, घसा खाकरला आणि वाचू लागली. जोडाक्षर आलं की अडायची, मनकर्णा बाजूने नुसती "हं" करायची, की ती पुढे. दहा पानं तिने वाचली. एकदा तिचं अडलं तर मागच्या बायांतून दोघीतिघींनी एकदम शब्द सांगितला. त्यांनाही तो पडदा दिसत होता ना. पुस्तक एकीलाच दिसतं.

परत येताना मी जरा नाराजीनेच म्हणालो, दमली होतीस का? अक्षर त्रास देत होतं का? सांगायचं ना.

"न्हाई वो. अक्षर झकास हाय. महिनाभर दुपारी तिच्याकडं जाते ती कशाला? जोडाक्षरं घोटून घेतली तिच्याकडनं." मग थोडं चालून म्हणाली, "उंद्या मला ह्यो पडदा बी दिसंना झाला तर? कुनीतरी तयार पायजे का न्हाई?"

रस्ता ओला होता, तिने माझा दंड धरला. चिखल फार होता म्हणून असेल.

रविवार, १२ जुलै

पांढऱ्यातला हिरवा काढायला पडदा आणि कम्प्युटर दुपारी घरी आणला. मी मागून काटा पिळत होतो, ही समोर बसून सांगत होती, अजून हिरवं, अजून, आता बरं. जमलं. सहाला टेम्पो येणार होता, वेळ होता.

ती म्हणाली, "त्या वहीत एवढं काय लिव्हता वो रोज?"

टीव्हीचे बिघाड, मी म्हणालो.

"बिघाड लिव्हताना कुनी डोळं पुसतं व्हय? दिसत न्हाई म्हनून कळत बी न्हाई का मला?" मग म्हणाली, "तुमचं अक्षर मला आता न्हाई लागत. पयलं मी चोरून वाचायची तुमची वही. एखादी वळ हितं लावा की, पडद्यावर."

चोरून वाचायची! हे नवीनच कळलं. कोणतं बटण कोणतं अक्षर ते वृषालीने मला दाखवून ठेवलं आहे. मी पुढे येऊन बसलो. मग एका बोटाने लिहिलं. दहा मिनिटं तरी लागली असतील, ती मांडीवर हात ठेवून थांबली होती.

तिने वाचलं, विहारात वाचते तसं, मोठ्याने आणि स्वच्छ.

"टीव्ही कधीच अंधुक नव्हता. मला कळायला हवं होतं."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. बटणांकडे पाहिलं.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "त्योच टीव्ही साळूबाईला लख्ख दिसायचा. मला कळत नव्हतं व्हय? पर तुमी मागं जायाचा, काटा पिळायचा, वाकून इचारायचा, आता बरं हाय का? तेवढ्यापुरतं मला वाटायचं, टीव्हीच बिघडलाय, माझं डोळं चांगलं हायती. म्हनून म्हनायची मी, व्हय, बरं हाय. तुमी नवीन नळी घातली त्या दिशी तर मी लई खूस झाल्ते."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस गं?

"भ्या वाटायचं. तुमाला न्हाई वाटलं कधी?"

मी बटणं पुन्हा जवळ ओढली. एका बोटाने उत्तर पडद्यावर लिहिलं.

"वाटायचं," तिने वाचलं.

मी ओळ पुसायला हात पुढे केला तर म्हणाली, राहू द्या जरा. टेम्पो यायला अर्धा तास होता. तोवर आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो, आणि ती तेवढाच एक शब्द बघत होती.